थंडीने झाडं करपली? आधी सिकेटर (छाटणीची कात्री) बाजूला ठेवा

पहिल्यांदाच सांगून टाकते, ज्या सकाळी झाडं करपलेली दिसतात त्या सकाळी त्यांच्यासाठी करण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. आणि नेमकं त्याच सकाळी आपल्याला सगळं करावंसं वाटतं, काळी पानं तोडावीत, भरपूर पाणी घालावं, मूठभर खत टाकावं, निदान कुंडीची जागा तरी बदलावी. यातलं शेवटचं तेवढं करा, बाकी सगळं थांबवा. माझी जास्वंद थंडीने गेली नाही, थंडीनंतर मी जी धावपळ केली त्याने गेली, ते पुढे येईलच.

आत नेमकं काय होतं ते कळलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं म्हणून थोडक्यात सांगते. पान शून्याखाली थंड झालं की बर्फ आधी पेशीच्या आत नाही तर पेशींच्या मधल्या फटींत तयार होतो, आणि तो बर्फ शेजारच्या पेशींतलं पाणी ओढत राहतो, पेशी आतून सुकत जाते, तिचं आवरण फाटतं, आणि मग ऊन आलं की बर्फ वितळतो आणि सगळा रस बाहेर. म्हणून पान आधी ओलसर, गडद, काचेसारखं आरपार दिसतं, हाताला उकडलेल्या भाजीसारखं लागतं आणि दोन-तीन दिवसांत तपकिरी नाहीतर काळं पडतं. ते पान परत हिरवं होत नाही, कुठलाही स्प्रे मारा. प्रश्न फक्त एवढाच असतो की मागची फांदी, खोड, कंद, मुळं यातलं काय जिवंत आहे.

फोनवर ३ डिग्री दाखवत होतं मग माझं झाड कसं गोठलं असं वाटत असेल तर तेही बरोबर आहे. हवामानाचं तापमान जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटरवर, सावलीत मोजतात, आणि स्वच्छ आकाश, वारा बंद अशा रात्री उघड्यावरचं पान आपली ऊब आकाशाकडे टाकत राहतं त्यामुळे ते हवेपेक्षा दोन-तीन डिग्री सहज थंड होतं. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री हे इतकं होत नाही. शिवाय उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडांना बर्फ लागतच नाही, १० डिग्रीच्या खाली दोन-तीन रात्री काढल्या तरी ती बिघडतात, फक्त ते लगेच दिसत नाही. चार-आठ दिवसांनी पानं पिवळी पडतात, डाग येतात, गळतात, आणि आपण कीड समजून औषध मारत बसतो.

तर पहिले दोन दिवस. कुंड्या असतील तर उचलून भिंतीच्या कडेला किंवा छपराखाली घ्या, सकाळचं थेट ऊन पडणार नाही अशी जागा बघा, कारण पानं गेल्यावर आतल्या फांद्यांची साल एकदम उघडी पडते आणि ती उन्हाने भाजते. जमिनीतल्या झाडावर थोडे दिवस शेडनेट टाकलं तरी चालेल. आणि गोठलेल्या पानांवर सकाळी पाणी मारायचं का हे नेहमी विचारतात. शेतकरी रात्रभर स्प्रिंकलर चालवतात ते वेगळं, पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि ती पानाला मिळत राहते, पण त्यासाठी तापमान शून्यावर यायच्या आधीच सुरू करून बर्फ वितळेपर्यंत चालू ठेवावं लागतं, मध्येच बंद केलं तर उलट जास्त नुकसान. सकाळी सातला एक मग पाणी ओतून फाटलेली पेशी शिवली जात नाही.

पाण्याचं जरा सविस्तर सांगते कारण झाडं थंडीत वाचतात आणि नंतर पाण्यात मरतात. पानं नाहीत म्हणजे झाड पाणी पीत नाही, साधं गणित आहे. माझा एक क्रोटन होता, सगळी पानं गळून नुसत्या काड्या उभ्या होत्या, मला इतकं वाईट वाटायचं की येता-जाता तांब्याभर पाणी घालायचे, महिनाभराने काडी हलवून बघितली तर ती बुंध्यापासून सुटून हातात आली, खाली मुळं पार कुजलेली. काड्या तोपर्यंत वरून हिरव्या होत्या हे जास्त लागलं. म्हणून बोट मातीत दोन पेरं घाला, कोरडं लागलं तर पाणी, ओल लागली तर नाही. अगदी कोरडंही ठेवू नका, ओलसर माती दिवसा ऊब साठवते आणि रात्री सोडते, सुकी माती तेवढी साठवू शकत नाही.

आता मुख्य मुद्दा. करपलेली झाडं दोन जातींत वाटा, लाकडाची आणि रसाची. लाकडाची म्हणजे जास्वंद, बोगनवेल, क्रोटन, आंबा, पेरू, लिंबू, ज्यांची फांदी मोडली तर कट्‌ आवाज येतो. रसाची म्हणजे केळ, कर्दळ, हेलिकोनिया, अळूच्या जातीची सगळी शोभेची झाडं, हळद-आलं, पपई, चाफा, अडेनियम, निवडुंग. लाकडाच्या झाडाला थांबायचं, रसाच्या झाडातलं कुजकं ताबडतोब काढायचं. सगळ्यांना एकच नियम लावला की निम्मी झाडं चुकीच्या नियमाने मरतात. (पाम यात कुठेच बसत नाही, त्याचं वेगळं सांगते.)

लाकडाच्या झाडाला का थांबायचं तर दोन कारणं. एक म्हणजे वाळकी पानं आणि शेंडे दिसायला कितीही भिकार असले तरी पुढच्या थंड रात्री आतल्या जिवंत फांदीवर तेच पांघरूण असतं. आणि दुसरं, छाटलं की झाड फुटतं. माझ्या जास्वंदीचं हेच झालं, करपल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ती निम्मी कापून छान गोल आकार दिला, नंतर दोन आठवडे ऊबदार गेले, कापलेल्या प्रत्येक टोकाखाली दोन-दोन कोवळे धुमारे आले, मी फोटोपण काढले, आणि मग परत एक थंड रात्र आली. धुमारे तर गेलेच, उघड्या पडलेल्या फांद्या पण बुंध्यापर्यंत गेल्या. शेजारची दुसरी जास्वंद मला वेळ न मिळाल्यामुळे तशीच काळी-करडी उभी होती, ती वाचली, अजून आहे.

म्हणजे थंडी पूर्ण संपून रात्री ऊबदार होईपर्यंत आणि झाड स्वतःहून कुठून फुटतंय ते दिसेपर्यंत सिकेटर लावायचं नाही. तोपर्यंत चैन पडत नसेल तर नखाची परीक्षा करा. शेंड्याकडून सुरुवात करा, फांदीची वरची साल अंगठ्याच्या नखाने तांदळाच्या दाण्याएवढी खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर तो भाग जिवंत, तपकिरी आणि कोरडं असेल तर एक वीत खाली येऊन परत खरवडा. कधीकधी मधेच अर्धवट पिवळट लागतं, त्याच्यावर लगेच निकाल देऊ नका, पंधरा दिवसांनी परत बघा. सगळ्या फांद्या खरवडत बसायचं नाही हं, एका झाडावर तीन-चार ठिकाणं पुरे, मी एकदा उत्साहात कढीपत्त्याची पार सालटी काढली होती.

लिंबू-संत्र्याच्या झाडावर तर नखही लावायला नको. करपलेली पानं थोड्या दिवसांत आपली आपण गळून पडली तर फांदी जिवंत आहे, कारण पान गाळणं हे जिवंत फांदीचं काम आहे, देठाशी पेशींचा थर तयार करून ती पान सोडते. पानं वाळून फांदीलाच चिकटून राहिली, हाताने ओढल्याशिवाय सुटत नाहीत, तर ती काडी बहुतेक गेली. गळालेल्या पानांचा सडा बघून लोक रडतात आणि चिकटलेली बघून म्हणतात चला पानं तरी राहिली, आहे ते नेमकं उलट.

पहिला फुटवा आला की लगेच खूश होऊन कापायलाही जाऊ नका. कधीकधी फांदीत साठलेल्या अन्नावर कोंब येतात आणि ऊन वाढलं की आठवडाभरात मान टाकतात, कारण खालची फांदी आतून मेलेली असते, पाणी वर पोचतच नाही. पानं नीट मोठी होऊन टिकली की मग जिवंत भागाच्या जरा आत, एखाद्या डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या) वर तिरका काप घ्यायचा. मोठी झाडं असतील, आंबा वगैरे, तर मी एक अख्खा बहर जाऊ देते आणि मगच मोठ्या फांद्यांना करवत लावते. बुंध्याची साल उभी तडकली असेल तर तिच्यात मेण, रंग, सिमेंट असलं काही भरू नका, सुटलेली साल कडेने साफ करा आणि उघडी ठेवा. पानं गेल्यामुळे उघड्या पडलेल्या जाड फांद्यांना मात्र चुना किंवा पांढरा पाण्यातला इमल्शन रंग निम्मं पाणी घालून लावलेला चांगला, ऊन परतवतो.

कलमी झाडाला अजून एक लफडं असतं. कलमाचा जोड शोधा, बुंध्यावर थोडी गाठ किंवा वाकडेपणा असतो. फुटवा जोडाच्या वरून आला तर तुमचं झाड परत आलं. सगळा जोर जोडाच्या खालून येत असेल आणि वर काहीच हालचाल नसेल तर जे वाढतंय तो नुसता खुंट आहे, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधलं ते खालचं झाड, पानं भरगच्च येतील पण फळ तुम्ही लावलं होतं ते नाही. वरचा भाग जिवंत असताना खालचे फुटवे आले तर ते लगेच खुडून टाका.

बोगनवेलीबद्दल एकच, ती नाटकी आहे, पूर्ण वाळल्यासारखी दिसते आणि सगळ्यात उशिरा बुंध्यातून फुटते. तिला सोडून द्या.

आता रसाची. इथे उलट, जे लिबलिबीत झालं, वास यायला लागला ते काढायचंच, कारण कूज खाली उतरते. हत्यार आधी ७० टक्क्यांच्या स्पिरिटने पुसून घ्या आणि कुजक्यातून एकदा गेलं की परत पुसा.

केळीचं मला सगळ्यात आवडतं कारण ते डोळ्यांसमोर होतं. केळीचं खोड म्हणजे खोड नाहीच, पानांचे देठ एकमेकांत गुंडाळलेले असतात, खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद आणि वाढीचा कोंब तिथे खाली मातीच्या पातळीला सुरक्षित बसलेला असतो. त्यामुळे वरून काळी पडलेली केळ मेली असं धरू नका. हिला कापायचं मात्र ताबडतोब नाही, थंडी सरल्यावर धारदार सुरी घ्या आणि वरून चकत्या काढल्यासारखं एक-एक वीत आडवं कापत खाली या. आधी तपकिरी पाणी सुटतं, मग कडेच्या थरांत डाग आणि मध्ये पांढरं, आणि मग एका कापाला अख्खा गाभा पांढरा, कडक, कुरकुरीत, चिकट रस येणारा. तिथे थांबा. आणि मग चहा पिऊन या, कारण जिवंत असेल तर मधला पोंगा (गुंडाळलेलं कोवळं पान) काही तासांत बोटाच्या पेराएवढा वर सरकलेला दिसतो, बाकीच्या कडा जिथल्या तिथे आणि मधली वळी वर आलेली. पहिलं पान अर्धवट कापलेलं, चौकोनी असं येतं, हसू येतं बघून, त्याला काही करू नका. कापायचं का तर वरचे कुजके देठ वाळून आवळले जातात आणि आतला पोंगा त्यात अडकून वाकडा होतो. फक्त ज्या केळीच्या पोटात केळफूल वर चढायला लागलं होतं तिचं तसं होत नाही, तिचा शेंडा कोंबासकट वर आलेला असतो, तो गोठला की त्या खोडाला आता घड येणार नाही, ते बुंध्याशी कापून मुनव्यांना (कंदातून येणाऱ्या पिल्लांना) वाट करून द्या.

कर्दळ, हळद, आलं, हेलिकोनिया, अळूवाले यांचं वरचं सगळं जाऊ शकतं आणि खाली कंद ठणठणीत असू शकतो. पिचपिचीत पानं काढून टाका, वर चार बोटं वाळका पालापाचोळा घाला, कंद दाबून बघा, बटाट्यासारखा घट्ट लागला तर झाकून ठेवा. पाणी अगदी बेताचं.

पपई पोकळ असते हे विसरलात तर गेली. शेंडा कुजला म्हणून कापला की वर उघडी नळी राहते, तिच्यात दव आणि पाऊस साठतो आणि कूज आतून खाली जाते, बाहेरून महिनाभर कळतही नाही. कापल्यावर वर एखादा डबा उपडा घाला. खालच्या डोळ्यांतून दोन-तीन फुटवे येतात, त्यातला एकच जोमदार ठेवा. खरं सांगायचं तर पपई इतकी पटकन वाढते की मी नवीन बी लावते.

चाफा आणि अडेनियमची टोकं काळी, सुरकुतलेली आणि दाबल्यावर मऊ लागतात. इथे वाट बघितली तर मऊपणा रोज बोटभर खाली येतो. आत पांढरं, घट्ट आणि चीक येणारं लागेपर्यंत कापत जा, मधोमध एक तपकिरी ठिपका जरी दिसला तरी अजून खाली. मग काप उघडा, कोरड्या जागी सुकू द्या आणि दोन आठवडे पाणी विसरा. निवडुंगाचं तसंच.

पामची गोष्ट निराळी कारण बहुतेक पामला प्रत्येक खोडाला एकच वाढीचा कोंब असतो, तो शेंड्यात. तो गेला की ते खोड गेलं, खालून नवीन फूट येत नाही (झुबक्याने वाढणाऱ्यांची बाकीची खोडं राहतात). म्हणून पामच्या झावळ्या घाईने काढू नका, निम्मी झावळी तपकिरी असली तरी उरलेली हिरवी पट्टी झाडाला जेवायला घालत असते. मधला न उघडलेला पोंगा धरून हलकेच ओढा. घट्ट असेल तर ठीक. उपसून हातात आला आणि खालचं टोक कुजून वास मारत असेल तर कूज कोंबाच्या दिशेने चाललीय, पण अजून आशा असते. कुजलेलं जेवढं निघेल तेवढं काढा, तिथे कॉपरवालं बुरशीनाशक लेबलवरच्या मात्रेत कालवून ओता आणि ७ ते १० दिवसांनी परत एकदा. शेंड्यात पाणी साचू देऊ नका. पामखाली ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातली शोभेची झाडं) किंवा अननस लावले असतील तर त्यांच्यावर ते कॉपर ठिबकू देऊ नका, त्यांना ते बाधतं. नवीन पानं सुरुवातीला आखूड, चुरगळलेली येतात, ती कोंबात असतानाच थंडी खाल्लेली असतात, दोन-चार पानांनंतर सुधारतं. पामचं नुकसान कधीकधी महिन्यांनी दिसतं हेही लक्षात असू द्या, हिरवा आहे म्हणजे सुटला असं नाही.

खत. नवीन फुटीची दोन-तीन पानं पूर्ण उघडेपर्यंत काहीच नाही. पानांशिवाय झाड ते वापरू शकत नाही, क्षार मातीत साठून उरल्यासुरल्या मुळांना जाळतात, आणि युरियासारखं नत्राचं खत लवकर पडलं तर पाणचट, कोवळी वाढ होते जी पहिल्याच गारठ्याला झोपते. सुरुवात चांगल्या कुजलेल्या शेणखताने किंवा गांडूळखताने करा, रासायनिक घालायचंच असेल तर नेहमीच्या निम्म्या मात्रेत, ओल्या मातीवर.

मधल्या काळात परत थंड रात्री येणार असतील तर झाकण संध्याकाळी, जमीन अजून ऊबदार असताना घाला आणि ते जमिनीपर्यंत टेकवा, कारण ऊब खालून येते, नुसती डोक्यावर टोपी घालून बुंध्याशी दोरी आवळली तर ती ऊब बाहेरच राहते. गोणपाट, जुनी चादर चालते, प्लास्टिक पानाला टेकलं की तिथे पान गोठतंच, त्याला आत काठ्यांचा सांगाडा हवा. सकाळी काढा. आत बल्ब लावायचा असेल तर जुना तापणारा, कापडाला टेकू न देता, एलईडीची माळ फक्त सुंदर दिसते.

आणि सोडून कधी द्यायचं? लाकडाच्या झाडाला रात्री ऊबदार झाल्यापासून दोन-अडीच महिने तरी द्या. कुंडीतलं असेल तर कुंडी आडवी करून मातीचा गोळा बाहेर सरकवा आणि कडेची एखादी मुळी दोन बोटांत धरा. पांढरट, टणक असेल तर गुपचूप परत आत ठेवा. तपकिरी असेल आणि हलकं ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी सरकून आत नुसता दोरा उरला, सगळीकडे तेच, तर ते गेलं, कुंडी धुऊन घ्या. जमिनीतल्या कंदांच्या जागी मात्र आत्ताच एक काठी रोवून ठेवा. वर काही दिसत नसतं, आपण विसरतो, रिकामी जागा बघून काहीतरी नवीन लावायला जातो आणि खोरं बरोबर मधोमध बसतं, माझ्या कर्दळीचे असे दोन तुकडे झालेत, नशीब दोन्ही फुटले.